नऊशे तीन इनिंग्जचा हिशेब

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या क्रीडा पानावर अमेरिकी बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमविषयी, म्हणजे थोर खेळाडूंच्या सन्मान-दालनाविषयी, जो लेख प्रसिद्ध झाला, त्यात बिली वॅग्नर या डावखुऱ्या रिलीफ पिचरचा उल्लेख दोन ओळींत आटोपला आहे, आणि त्या दोन ओळींतही त्याला मिळालेला सन्मान म्हणजे मतदारांनी शेवटच्या वर्षी दाखवलेली दया होती, असा सूर आहे. वॅग्नरच्या नावावरच्या ४२२ सेव्हशेजारी, म्हणजे शेवटी येऊन आघाडी राखल्याच्या नोंदींशेजारी, ट्रेव्हर हॉफमनचे ६०१ आणि मारियानो रिव्हेराचे ६५२ सेव्ह मांडून लेखकाने निकाल लावून टाकला आहे. मराठी वृत्तपत्राने बेसबॉलला एवढी जागा दिली याबद्दल आपले मनापासून आभार. पण ज्या आकड्याने वॅग्नरला मोजले गेले, तो आकडाच त्याला मोजायला तोकडा आहे, एवढे सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. अमेरिकेतल्या क्रीडा पत्रकारांनाही हे पटायला जवळजवळ दहा वर्षे लागली. मी ह्यूस्टनमध्ये राहतो आणि वॅग्नरच्या कारकिर्दीतली पहिली नऊ वर्षे याच शहराच्या अ‍ॅस्ट्रोज संघात गेली, त्यामुळे माझ्या लिहिण्यात थोडा पक्षपात उतरला असेल तर वाचकांनी तो वजा करून घ्यावा. आकडे मात्र कोणालाही पडताळून पाहता येतील.

ज्यांनी बेसबॉल फारसे पाहिलेले नाही त्यांच्यासाठी आधी रिलीफ पिचरच्या कामाविषयी थोडे लिहितो. सामना नऊ इनिंग्जचा असतो; प्रत्येक इनिंगमध्ये दोन्ही संघ एकेकदा बॅटिंग करतात, तीन जण बाद झाले की पाळी संपते, आणि बॅटर तिन्ही बेस म्हणजे थांबे ओलांडून पुन्हा सुरुवातीच्या जागी, 'घरी', परतला की एक धाव होते. सुरुवातीचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, पाच-सहा, हात चांगला चालत असेल तर सात इनिंग्ज टाकतो, आणि तो थकला किंवा मार खाऊ लागला की बुलपेनमध्ये, म्हणजे मैदानाकडेच्या सरावाच्या जागेत, हात गरम करत असलेल्या दुसऱ्या पिचरला बोलावले जाते. हा रिलीफ पिचर. त्यांच्यातही जो शेवटच्या इनिंगमध्ये आघाडी राखायला येतो त्याला क्लोजर म्हणतात. आपल्या वाचकाला येथे एकदिवसीय किंवा टी-ट्वेंटी सामन्यात शेवटची षटके टाकणारा गोलंदाज चटकन आठवेल, पण तो गोलंदाज बहुधा सुरुवातीलाही दोन षटके टाकून गेलेला असतो, आणि त्याचे षटक सहा चेंडूंनी आपोआप संपते. क्लोजरचे काम तिघांना बाद केल्याशिवाय संपत नाही, मग त्याला नऊ चेंडू लागोत की चाळीस. शिवाय मैदानाबाहेर गेलेला पिचर त्या सामन्यात पुन्हा चेंडू टाकायला येऊ शकत नाही, त्यामुळे चुकल्यावर त्याच दिवशी सावरून घेण्याची दुसरी संधी त्याला मिळत नाही.

या कामाची नोंद ठेवण्यासाठी शिकागोचे पत्रकार जेरोम होल्ट्झमन यांनी १९६० च्या सुमारास 'सेव्ह'ची कल्पना मांडली आणि १९६९ पासून ती अधिकृत आकडेवारीत आली. तिचा ढोबळ नियम असा, की आपल्या संघाकडे तीन किंवा त्याहून कमी धावांची आघाडी असताना पिचर आला, त्याने निदान एक पूर्ण इनिंग टाकली आणि आघाडी टिकवून सामना संपवला, तर त्याला एक सेव्ह मिळतो. आघाडी त्याहून मोठी असेल तर बरोबरीची धाव करू शकणारा खेळाडू बेसवर, बॅटिंगला किंवा त्यापुढच्या क्रमांकावर उभा असला पाहिजे, नाहीतर पिचरने शेवटच्या तीन इनिंग्ज प्रभावीपणे टाकलेल्या असल्या पाहिजेत. ज्या काळात रिलीफ पिचरच्या वाट्याला कौतुकाचा शब्दही येत नव्हता त्या काळात ही नोंद उपकारकच होती. दोष पुढे दिसू लागले. तीन धावांची आघाडी, बेसवर कोणी नाही, अशा सोप्या परिस्थितीतला सेव्ह आणि एका धावेची आघाडी असताना समोरच्या संघाच्या सर्वांत तगड्या तीन बॅटर्सना बाद करून मिळवलेला सेव्ह, दोन्हींची किंमत वहीत सारखीच. आठव्या इनिंगमध्ये तिन्ही बेसवर माणसे असताना येऊन संघाला वाचवणाऱ्याच्या नावावर तर बहुतेक वेळा काहीच जमा होत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सेव्हची संधी मिळणे हे पिचरच्या हातात नसते. ती त्याच्या संघाने किती सामन्यांत थोडक्यात आघाडी घेतली यावर ठरते.

वॅग्नरच्या कारकिर्दीतलेच एक उदाहरण घेऊ. ११ जून २००३ रोजी न्यूयॉर्कच्या यँकी स्टेडियममध्ये अ‍ॅस्ट्रोजच्या सहा पिचर्सनी मिळून यँकीज संघाला एकही हिट, म्हणजे बॅटरला बेसवर पोहोचवणारा फटका, घेऊ दिला नाही. रॉय ओस्वाल्टला दुखापतीमुळे दुसऱ्याच इनिंगमध्ये बाहेर जावे लागले, मग पीट मन्रो, कर्क सार्लूस, ब्रॅड लिज आणि ऑक्टाव्हियो डोटेल यांनी सामना पुढे नेला, आणि नववी इनिंग वॅग्नरने टाकली. यँकीजवर अशी पाळी त्याआधी १९५८ साली आली होती, तीही हॉइट विल्हेल्मच्या हातून. हाच विल्हेल्म पुढे हॉल ऑफ फेममध्ये जाणारा पहिला रिलीफ पिचर ठरला. इतका दुर्मीळ सामना, जगातले सर्वांत दडपणाचे म्हणता येईल असे मैदान, एक साधा हिट पडला तरी पाच साथीदारांच्या श्रमांवर पाणी पडणार अशी वेळ, आणि त्या इनिंगबद्दल वॅग्नरला मिळालेले सेव्ह शून्य, कारण अ‍ॅस्ट्रोज ८-० असे पुढे होते. जी मोजपट्टी त्या इनिंगची नोंदच घेत नाही, तिच्यावर आपल्या लेखकाने सगळा भरवसा ठेवला आहे.

वॅग्नर घडला कसा हे थोडक्यात सांगतो. जन्म १९७१ चा, व्हर्जिनिया राज्याच्या डोंगराळ नैर्ऋत्य भागातला. तो मूळचा उजखुरा. लहानपणी उजवा हात दोनदा मोडला म्हणून डाव्या हाताने चेंडू फेकू लागला आणि तोच हात पुढे ताशी १०० मैलांच्या, म्हणजे सुमारे १६० किलोमीटरच्या वेगाने चेंडू टाकू लागला. उंची पाच फूट दहा इंच, जी पिचर्सच्या जगात चक्क बुटकी समजली जाते. मोठ्या विद्यापीठांऐवजी तो फेरम या छोट्या महाविद्यालयात शिकला आणि तेथे १९९२ च्या हंगामात त्याने दर नऊ इनिंग्जमागे १९ हून अधिक बॅटर्सना स्ट्राइकआउट केले, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद केले. १९९३ मध्ये अ‍ॅस्ट्रोजने त्याला पहिल्या फेरीत बाराव्या क्रमांकाने निवडले. कनिष्ठ लीगमध्ये तो सुरुवातीचा पिचर होता, आणि तेथेही स्ट्राइकआउटच्या राशी त्याने घातल्या होत्या. तरी मुख्य संघात आल्यावर त्याला शेवटच्या इनिंगकडे वळवण्यात आले. त्याच्याकडे मुख्यतः दोनच अस्त्रे होती, सरळ वेगवान फास्टबॉल आणि शेवटी बाजूला वळणारा स्लायडर. एकच बॅटर सामन्यात तीन-चार वेळा समोर आला तर दोन अस्त्रे पुरत नाहीत, एकदाच आला तर पुरतात, असा हा रोकडा हिशेब होता.

आता मूळ मुद्दा. वॅग्नरने १९९५ ते २०१० या काळात ८५३ सामन्यांत ९०३ इनिंग्ज टाकल्या, १,१९६ बॅटर्सना स्ट्राइकआउट केले, ६०१ हिट आणि ३०० वॉक (चार चुकीच्या चेंडूंमुळे बॅटरला फुकट मिळणारा पहिला बेस) दिले. म्हणजे सरासरीने एका इनिंगमध्ये हिट आणि वॉक मिळून एका बॅटरलाही तो पूर्णपणे बेसवर पोहोचू देत नव्हता. पिचरच्या खात्यावर दर नऊ इनिंग्जमागे पडणाऱ्या धावांची सरासरी, जिला येथे सगळे ईआरए म्हणतात, ती त्याची २.३१ होती; ती जितकी कमी तितकी चांगली. त्याच्याविरुद्ध बॅटर्सची सरासरी होती अवघी .१८७, म्हणजे शंभर खेपांत एकोणीसहून कमी हिट. तो निवृत्त झाला तेव्हा इतक्या इनिंग्ज टाकलेल्या कोणत्याही पिचरने स्ट्राइकआउटचा एवढा वेग राखला नव्हता आणि बॅटर्सना इतक्या खालच्या सरासरीवरही रोखले नव्हते. यात सुरुवातीचे पिचर आणि रिलीफ पिचर दोन्ही आले.

लेखकाने ज्यांची नावे घेतली त्या दोघांशी तुलना करायचीच असेल तर ती इनिंग्जच्या हिशेबाने करून पाहावी. हॉफमनने १,०८९ इनिंग्जमध्ये १,१३३ स्ट्राइकआउट केले, रिव्हेराने १,२८३ इनिंग्जमध्ये १,१७३. वॅग्नरने या दोघांपेक्षाही कमी इनिंग्ज टाकून दोघांपेक्षाही जास्त स्ट्राइकआउट केले. त्याने मिळवलेल्या एकूण बादपैकी सुमारे ४४ टक्के स्ट्राइकआउट होते; हॉफमनचे हेच प्रमाण सुमारे ३५ टक्के आणि रिव्हेराचे ३० टक्क्यांच्या किंचित वर भरते. ईआरएमध्ये रिव्हेरा २.२१ वर म्हणजे वॅग्नरच्या थोडा पुढे आहे, हॉफमन २.८७ वर म्हणजे बराच मागे. ज्या काळात हे तिघे खेळले तो बॅटर्सचा सुकाळ होता, होमरनचे, म्हणजे सीमेपलीकडे मारलेल्या फटक्यांचे, जुने विक्रम एकामागून एक मोडत होते, नंतर त्यातल्या अनेक बॅटर्सची नावे उत्तेजक द्रव्यांच्या प्रकरणांत आली. त्या काळाची आणि मैदानांची सूट देऊन, लीगची सरासरी १०० धरून जो ईआरए काढला जातो, त्यात (येथे मात्र मोठा आकडा चांगला) हॉफमन १४१, वॅग्नर १८७ आणि रिव्हेरा २०५ असा क्रम लागतो. म्हणजे वॅग्नर हॉफमनपेक्षा रिव्हेराच्या कितीतरी जवळ आहे. सेव्हच्या तक्त्यात नेमके उलटे चित्र दिसते.

स्ट्राइकआउटवर मी एवढा भर का देतो, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे कारण नवव्या इनिंगच्या स्वरूपातच आहे. समजा आघाडी एका धावेची आहे, एक बाद झाला आहे आणि तिसऱ्या बेसवर खेळाडू उभा आहे. बॅटरने चेंडू उंच आणि खोल मारला आणि तो झेलला गेला, तरी बॅटर बाद होतो खरा, पण तिसऱ्या बेसवरचा खेळाडू झेलानंतर धावून घरी येतो आणि बरोबरी होते. चेंडू जमिनीवरून घरंगळला तर तो उचलणाऱ्याच्या हातून सुटू शकतो, खड्ड्यात उसळू शकतो, फेक चुकू शकते. स्ट्राइकआउटमध्ये चेंडू मैदानात जातच नाही. साथीदारांचे कौशल्य, मैदानाची मशागत, नशीब, यांपैकी कशावरही विसंबावे लागत नाही. म्हणूनच शेवटच्या इनिंगसाठी पिचर निवडताना तो किती जणांना बॅट लावू देत नाही हे व्यवस्थापक आधी पाहतात. रिव्हेराचा अपवाद सांगितलाच पाहिजे, कारण त्याचा कटर, म्हणजे शेवटच्या क्षणी किंचित वळणारा वेगवान चेंडू, बॅटला लागायचा पण इतक्या वाईट जागी लागायचा की बॅटच मोडायची. तशी देणगी दुसऱ्या कोणाला मिळालेली मी पाहिली नाही. वॅग्नरचा मार्ग सरळ होता. तो त्याला भेटलेल्या बॅटर्सपैकी साधारण दर तिसऱ्याला स्ट्राइकआउट करून परत पाठवत असे.

१९९९ चा हंगाम या दृष्टीने मुळातून पाहण्याजोगा आहे. त्या वर्षी त्याने ७४ इनिंग्ज आणि वर दोन बाद एवढे काम केले, म्हणजे एकूण २२४ बाद मिळवले. त्यांतले १२४ स्ट्राइकआउट होते. निम्म्याहून अधिक वेळा त्याच्या पाठीमागे उभ्या असलेल्या सात जणांना हलावेच लागले नाही. वर्षभरात हिट दिले ३५, ईआरए १.५७, सेव्ह ३९. आणि याच्या आदल्याच वर्षी, जुलै १९९८ मध्ये, अ‍ॅरिझोनातल्या सामन्यात केली स्टिनेटने मारलेला जोरकस चेंडू थेट त्याच्या डोक्यावर कानाजवळ आदळला होता आणि त्याला स्ट्रेचरवरून न्यावे लागले होते. साठ फुटांवरून आपल्याकडेच परत येणारा चेंडू एकदा डोक्याने अनुभवल्यावर पुढच्या हंगामात इतक्या निर्धास्तपणे चेंडू टाकणे, याला काय म्हणावे ते वाचकांनी ठरवावे.

कोणी म्हणेल की अ‍ॅस्ट्रोडोम हे ह्यूस्टनचे जुने बंदिस्त मैदान पिचर्सना धार्जिणे होते, तेव्हा त्याचे आकडे फुगलेले असणार. शंका रास्त आहे. २००० साली संघ नव्या मैदानात गेला, जेथे डावीकडची सीमा अगदी जवळ आहे, आणि त्याच वर्षी वॅग्नरचा ईआरए ६.१८ वर गेला, हेही खरे आहे. पण त्या वर्षी त्याच्या कोपराजवळचा स्नायुबंध फाटला होता आणि तो २८ सामन्यांनंतर खेळूच शकला नाही. बरा झाल्यावर त्याच नव्या मैदानाला घर मानून त्याने २००३ मध्ये ८६ इनिंग्ज टाकल्या, ४४ सेव्ह मिळवले आणि ईआरए १.७८ वर आणला. नंतर संघाच्या कारभाऱ्यांशी खटके उडून त्याची रवानगी फिलाडेल्फियाला झाली, तेथेही नवे मैदान होमरनसाठी बदनाम होत चालले होते, आणि तेथे २००५ मध्ये त्याचा ईआरए होता १.५१. न्यूयॉर्क मेट्सकडून २००६ मध्ये ४० सेव्ह. मैदान बदलले, संघ बदलले, आकडे बदलले नाहीत.

एवढे असूनही कूपर्सटाउनचे, म्हणजे हॉल ऑफ फेमचे, दार उघडायला दहा वर्षे का लागली, याचा वृत्तांत मला त्या लेखात वाचायला आवडला असता. हॉल ऑफ फेमसाठी निदान दहा वर्षे बेसबॉल पत्रकार संघटनेचे सदस्य असलेले पत्रकार मत देतात, निवडीसाठी ७५ टक्के मते लागतात, आणि खेळाडूचे नाव जास्तीत जास्त दहा वर्षे मतपत्रिकेवर राहते. २०१६ मध्ये वॅग्नर आणि हॉफमन यांची नावे एकाच वेळी पहिल्यांदा मतदारांपुढे आली. हॉफमनला ६७.३ टक्के मते पडली, वॅग्नरला १०.५. हॉफमन २०१८ मध्ये निवडलाही गेला. दोघांच्या कारकिर्दीत एवढे अंतर नव्हते. अंतर होते ६०१ आणि ४२२ या दोन आकड्यांत, आणि मतदार तेवढेच पाहत होते. पुढची दोन वर्षे वॅग्नर दहा-अकरा टक्क्यांवरच रेंगाळला. मतपत्रिकेवर दहाच नावे लिहिता येतात आणि बॉण्ड्स, क्लेमेन्स यांच्यासारखी उत्तेजक द्रव्यांच्या आरोपांमुळे वादग्रस्त ठरलेली नावे जागा अडवून बसली होती, हेही एक कारण होते. त्यानंतर नव्या पिढीतले पत्रकार मतदार झाले, ज्यांना दर इनिंगमागचे आकडे वाचण्याची सवय होती, आणि मते ३१.७, ४६.४, ५१, ६८.१ अशी चढत गेली. २०२४ मध्ये ७३.८ टक्के, म्हणजे फक्त पाच मते कमी पडली. २०२५ मध्ये, दहाव्या आणि शेवटच्या वर्षी, ३९४ पैकी ३२५ मते मिळून तो ८२.५ टक्क्यांवर गेला आणि २७ जुलैला इचिरो सुझुकी आणि सीसी सबाथिया यांच्याबरोबर त्याला सन्मानाने हॉल ऑफ फेममध्ये घेण्यात आले. मुख्यतः रिलीफ पिचर म्हणून निवडला गेलेला तो नववा खेळाडू, आणि डावखुऱ्यांतला पहिला. या सर्व काळात त्याने एकही चेंडू टाकलेला नव्हता. २०१६ मध्ये होते तेच आकडे २०२५ मध्ये होते. दयेपोटी दिलेली मते शेवटच्या वर्षी एकदम उसळतात; येथे त्याआधीच्या पाच वर्षांत ती पायरीपायरीने वाढत आली होती आणि शेवटच्या वर्षी फक्त उंबरठा ओलांडायचा राहिला होता.

वॅग्नरची बाजू घेताना त्याचे उणे झाकणे योग्य होणार नाही, आणि त्याच्या पाठीराख्यांपैकी काही जण ते झाकतात याचा मला राग येतो. ऑक्टोबरमधल्या बाद फेरीच्या सामन्यांत वॅग्नरचे आकडे वाईट आहेत. चौदा सामने, जेमतेम पावणेबारा इनिंग्ज आणि ईआरए १०.०३. २००६ मध्ये मेट्स आणि सेंट लुईस कार्डिनल्स यांच्यातल्या मालिकेच्या दुसऱ्या सामन्यात ६-६ अशी बरोबरी असताना नववी इनिंग टाकायला तो आला आणि सो तागुची या क्वचितच होमरन मारणाऱ्या खेळाडूने त्याला होमरन मारला. मेट्स तो सामना ९-६ असा हरले. इनिंग्ज थोड्या आहेत, नशिबाचा भाग असतो, हे सगळे खरे असले तरी रिव्हेराने अशाच सामन्यांत १४१ इनिंग्ज टाकून ईआरए ०.७० वर ठेवला आहे, आणि त्यापुढे कोणतीही सबब लुळी पडते. सेव्हच्या संधींचे सोने करण्याचे प्रमाणही रिव्हेरा आणि हॉफमन या दोघांचे ८९ टक्क्यांच्या आसपास, वॅग्नरचे ८६ टक्क्यांच्या आसपास आहे. तीन टक्के फार नाहीत, पण आहेत.

सर्वांत वजनदार आक्षेप मात्र निराळाच आहे, आणि आपल्या लेखकाने तो मांडला असता तर हे पत्र लिहिताना मला अधिक कष्ट पडले असते. ९०३ इनिंग्ज म्हणजे किती? एक भरवशाचा सुरुवातीचा पिचर वॅग्नरच्या काळात वर्षाला दोनशे इनिंग्ज टाकत असे. म्हणजे वॅग्नरची सोळा हंगामांची मेहनत त्याच्या साडेचार वर्षांत भरून निघते. हॉल ऑफ फेममधल्या नऊ रिलीफ पिचर्सपैकी सर्वांत कमी इनिंग्ज त्याच्याच आहेत. त्याच्याआधी हे स्थान १,०४२ इनिंग्जच्या ब्रूस सटरचे होते. खेळाडूमुळे संघाचे किती विजय वाढले हे मोजणारा जो वॉर नावाचा आकडा आहे, त्यात वॅग्नर २७.७ आणि हॉफमन २८ वर आहे. रिव्हेराही ५६ पर्यंतच जातो, आणि चांगले सुरुवातीचे पिचर हे आकडे सहज मागे टाकतात. यावर माझे मत असे आहे की पंधरा वर्षे दोनशे इनिंग्ज टाकणारा उत्तम पिचर आणि वॅग्नर यांच्यातून एकच निवडायचा असेल तर मी पहिल्याला निवडीन, आणि वॅग्नरलाही ते मान्य होईल असे वाटते. पण तो प्रश्न कोणी विचारलेलाच नव्हता. संघ या कामासाठी स्वतंत्र माणूस नेमतात, त्याला भरपूर पगार देतात, विजय-पराजयाचा शेवटचा भार त्याच्या खांद्यावर टाकतात, आणि मग त्याच्या कामाचा आवाका लहान आहे म्हणून त्याला मोठेपण नाकारतात, यात मला विसंगती दिसते. त्याच्या नऊशे इनिंग्ज सुटसुटीत दुपारच्या नव्हत्या. त्यातल्या कितीतरी अशा होत्या की तेथे एक धाव गेली तर आधीच्या आठ इनिंग्जचे काम फुकट गेले असते. हे काम हॉल ऑफ फेमच्या योग्यतेचे आहे असे एकदा मान्य केले, आणि विल्हेल्मच्या १९८५ मधल्या निवडीपासून ते मान्य झालेलेच आहे, तर त्या कामात दर इनिंगमागे ज्याच्याहून सरस माणूस क्वचितच सापडेल त्याला बाहेर ठेवणे अवघड आहे.

त्याच्या निवृत्तीचा प्रसंगही सेव्हच्या आकड्याकडे तो स्वतः कसा पाहत होता ते दाखवतो. सप्टेंबर २००८ मध्ये कोपरावर टॉमी जॉन शस्त्रक्रिया, म्हणजे फाटलेल्या अस्थिबंधाच्या जागी दुसरा बसवण्याची शस्त्रक्रिया, झाली, तेव्हा तो सदतीस वर्षांचा होता आणि बहुतेकांनी त्याचा खेळ संपला असेच धरले होते. वर्षभराने तो परतला, काही आठवडे बॉस्टनकडून खेळला आणि २०१० मध्ये अटलांटा ब्रेव्ह्जकडून त्याने जो हंगाम गाजवला तो त्याच्या कारकिर्दीतल्या उत्तम हंगामांपैकी एक आहे: ६९ इनिंग्ज, १०४ स्ट्राइकआउट, ३७ सेव्ह आणि ईआरए १.४३, म्हणजे पुनरागमनानंतर त्याने कारकिर्दीतला नीचांक नोंदवला. डावखुऱ्या पिचर्समध्ये सर्वाधिक सेव्हचा विक्रम जॉन फ्रँकोच्या नावावर होता, ४२४. वॅग्नर ४२२ वर होता. पुढच्या हंगामात पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच तो विक्रम त्याच्या नावावर झाला असता, आणखी दोन-तीन वर्षे खेळला असता तर पाचशेचा टप्पाही आवाक्यात होता, आणि तसे झाले असते तर मतदारांनी त्याला दहा वर्षे तिष्ठत ठेवले नसते हे नक्की. त्याने घरच्यांना वेळ द्यायचा म्हणून खेळ थांबवला आणि व्हर्जिनियात परत जाऊन शाळकरी मुलांना बेसबॉल शिकवू लागला. त्याचा मुलगा विल २०२४ मध्ये टोरांटो ब्लू जेज संघातून मुख्य लीगमध्ये खेळला.

मोजपट्टी आता खरोखर बदलली आहे, याचा पुरावाही त्याच मतदानात आहे. फ्रान्सिस्को रॉड्रिगेझ या व्हेनेझुएलाच्या रिलीफ पिचरच्या नावावर ४३७ सेव्ह आहेत, म्हणजे वॅग्नरपेक्षा पंधरा जास्त. २००८ मध्ये एकाच हंगामात ६२ सेव्ह घेण्याचा विक्रमही त्याचाच. ईआरए मात्र २.८६. २०२५ मध्ये वॅग्नरला ८२ टक्के मते मिळत असताना त्याच मतपत्रिकेवर रॉड्रिगेझला सुमारे १० टक्के मिळाली. रॉड्रिगेझवर यात थोडा अन्याय होतो आहे असे मला वाटते, पण तो वेगळ्या पत्राचा विषय आहे.

शेवटी एक विनंती. आपल्या क्रीडा पानावर अमेरिकी बेसबॉलचे तक्ते अधूनमधून येतात, त्यात रिलीफ पिचर्सच्या नावापुढे केवळ सेव्हचा रकाना असतो. त्याशेजारी इनिंग्ज, स्ट्राइकआउट आणि ईआरए असे तीन रकाने वाढवता आले तर जागा फार लागणार नाही, आणि वाचकाला स्वतःच तुलना करता येईल.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक वाचक, ह्यूस्टन, टेक्सास